वेलची जमिनीलगत का लागते? थेक्कडीला जाण्याआधी ऐकायच्या गोष्टी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना शंभर वेळा आलेलं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढून टाकलंय, बाकी तसंच आहे.

केरळची पॅकेज टूर तुम्हाला माहीत असेलच. मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी, पाच रात्री सहा दिवस. त्यात थेक्कडीच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच रात्र येते. सकाळी पेरियार तलावात बोटिंग, दुपारी 'स्पाइस गार्डन', संध्याकाळी मसाल्याच्या दुकानात खरेदी, आणि झाली थेक्कडी. आयटिनररीमध्ये जंगल एका ओळीत आणि मसाले दुसऱ्या ओळीत असतात. तुम्ही जाणार असाल तर निदान एक गोष्ट डोक्यात ठेवून जा, की या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तिथली वेलची म्हणजे जंगलाच्या सावलीत लावलेलं पीक आहे, आणि ती सावली राहणार की जाणार यावरच सगळं अडलंय.

आधी नकाशा. इडुक्की जिल्ह्यात, तमिळनाडूच्या अगदी सीमेवर कुमिळी नावाचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर. तुमचं हॉटेल, दुकानं, बस स्टँड हे सगळं कुमिळीत. तिथून चारेक किलोमीटर आत जंगल आणि तलाव, ती थेक्कडी. कोचीहून गाडीने साडेचार-पाच तास लागतात. या डोंगरांना कार्डमम हिल्स म्हणतात, पण रांग आपल्याच सह्याद्रीची, दक्षिणेकडचा भाग. त्यामुळे आपलं शेकरू तिथे झाडावर दिसलं तर दचकू नका, ते त्याच्या घरीच आहे.

आता वेलची. स्पाइस गार्डनमध्ये गाइड विचारतो, "वेलची कुठे लागते सांगा?" आणि सगळे वर बघतात. झाड आपल्या हळदीसारखं दिसतं, कारण ते हळद-आल्याच्याच कुळातलं आहे. फक्त उंच, माणसाच्या डोक्यावर जाणारं. पण फुलं आणि फळं त्या उंच पानांमध्ये नसतात. बुडापासून एक लांब दांडी निघते, काही जातींमध्ये ती जमिनीवर पसरते, काहींमध्ये थोडी वर उठते. त्या दांडीवर पांढरी, मध्ये जांभळट रेघा असलेली फुलं येतात, मधमाश्या त्यांचं परागीभवन करतात आणि मग हिरवी बोंडं धरतात. वेलची ही मुळात सदाहरित जंगलाच्या तळाशी वाढणारी वनस्पती आहे. तिला डोक्यावर झाडांचं छप्पर, पायाखाली कुजलेला पाला आणि ओलसर हवा लागते. थेट ऊन पडलं की पानं करपतात.

काढणी म्हणजे कमरेची वाट. बाया वाकून, उकिडव्या बसून एकेका झुडपाच्या बुडाशी हात घालतात आणि फक्त तयार झालेली बोंडं तोडतात. सगळी एकदम पिकत नाहीत, म्हणून दर महिना-दीड महिन्याने त्याच झाडाकडे परत यायचं, साधारण ऑगस्टपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. यातल्या पुष्कळ बाया केरळच्या नाहीत. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातून, खालच्या कंबम खोऱ्यातून, रोज पहाटे जीपमध्ये दाटीवाटीने बसून घाट चढतात आणि संध्याकाळी उतरतात. सकाळी लवकर घाटात असाल तर या जीप दिसतील.

तोडलेली बोंडं मग वाळवणीच्या खोलीत जातात. ऊन दिलं तर हिरवा रंग उडतो, म्हणून बंद खोलीत साधारण ५० अंशांच्या उबेवर जवळजवळ एक दिवस सुकवतात. पाच किलो ओल्या वेलचीतून जेमतेम एक किलो सुकी वेलची निघते. आईने डब्यात जपून ठेवलेल्या वेलदोड्यांची किंमत आता जरा लक्षात येईल.

मिरी आणि जायफळाचं पटकन सांगतो. मिरीचा वेल मळ्यात उभ्या झाडांवरच चढवतात. काळी मिरी आणि पांढरी मिरी एकाच वेलाची: कच्चा दाणा सालीसकट वाळवला की काळी, पिकलेल्याची साल काढली की पांढरी. जायफळ आणि जायपत्री एकाच फळातून निघतात, आत बी आणि बीवर लाल जाळी. हे सगळं गाइड दाखवतोच.

गाइड जे सांगत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. या भागातल्या वेलचीच्या बऱ्याच जमिनी 'कार्डमम हिल रिझर्व्ह' नावाच्या पट्ट्यात येतात. त्रावणकोर संस्थानाच्या काळापासूनची ही व्यवस्था. ढोबळ भाषेत सांगायचं तर जमीन महसूल खात्याकडे, वरची झाडं वन खात्याकडे, आणि मधल्या जागेत शेतकऱ्याने वेलची लावायची. शेतकऱ्याला झाड मनाने तोडता येत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण वेलचीचं शास्त्र बघितलं तर कायदा पिकाला धरूनच आहे.

मग भांडण कशाचं? १८९७ सालच्या एका अधिसूचनेवर मोठा वाद आहे. एक बाजू म्हणते राखीव वन १५,७२० एकर, दुसरी म्हणते २,१५,७२० एकर. फरक बघा, सुरुवातीचा एक आकडा! आमच्या धंद्यात एका अंकाने सर्व्हर बंद पडतो, इथे त्यावर दोन लाख एकर आणि हजारो कुटुंबांची घरं टांगलेली आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलंय. पुण्याचे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला, त्यानंतर याच इडुक्कीत मोठी आंदोलनं झाली. 'शेतकरी पर्यावरणाचे शत्रू' अशी सोपी स्टोरी करू नका. ज्याच्या आजोबांनी तिथे घर बांधलं आणि ज्याच्या हातात अजून पक्का कागद नाही, त्याला 'संवेदनशील क्षेत्र' हा शब्द धमकीसारखाच ऐकू येतो.

पण सावली कमी होतेय हेही खरं. कट्टप्पनाजवळच्या सेबॅस्टियन जोसेफ या शेतकऱ्याने 'न्यळ्ळानी' ही जात निवडून काढली आणि उत्पादन कितीतरी पटीने वाढलं. भारी काम. मात्र जास्त पीक देणाऱ्या झाडाला जास्त ऊन लागतं, जास्त खत लागतं आणि किडीवर जास्त फवारणीही. फांद्या छाटून ऊन आत घेतलं जातं. त्यात भावाचं गणित: ऑगस्ट २०१९ मध्ये पुट्टडीच्या लिलावात वेलचीला किलोला ७,००० रुपयांचा विक्रमी भाव मिळाला, आणि दोनेक वर्षांत सरासरी भाव हजाराच्या आसपास आला. असा भाव वर-खाली होत असताना कोण पुढच्या वीस वर्षांच्या सावलीचा विचार करणार? आणि मग २०२४ च्या उन्हाळ्यासारखं कडक ऊन पडतं आणि बागाच्या बागा वाळतात.

फवारणीचा मुद्दा एकदा थेट जंगलाच्या मधोमध पोचला होता. शबरीमला मंदिर पेरियार व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. तिथल्या अरवणा प्रसादात वेलची घालतात. जानेवारी २०२३ मध्ये त्या वेलचीत कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त असल्याच्या अहवालावरून केरळ उच्च न्यायालयाने विक्री थांबवली, आणि साडेसहा लाखांहून जास्त डबे पडून राहिले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पण तोवर प्रसाद जुना झाला होता.

आता तलावाकडे येऊ. पेरियार तलाव नैसर्गिक नाही, आणि हे ऐकून बरेच जण चाट पडतात. १८८७ ते १८९५ या काळात ब्रिटिश इंजिनिअर जॉन पेनीक्विक यांच्या देखरेखीखाली मुल्लपेरियार धरण बांधलं गेलं. अरबी समुद्राकडे जाणारं पाणी अडवायचं आणि डोंगरातून बोगदा काढून पूर्वेला, कोरड्या मदुराईकडे वळवायचं, अशी कल्पना. १८८६ मध्ये त्रावणकोरने ही जमीन ९९९ वर्षांच्या करारावर दिली, एकरी पाच रुपये वार्षिक भाड्याने. आज धरण केरळात, पाणी तमिळनाडूला, आणि सुरक्षिततेवरून दोन राज्यांचं भांडण चालू. कुमिळीहून खाली लोअर कॅम्पकडे उतरताना डोंगरावरून येणारे जाडजूड पाइप दिसतात, ते हेच पाणी. त्यावर वीज बनते आणि पुढे कंबम खोऱ्यात भात आणि द्राक्षं पिकतात. नाशिक-सांगलीवाल्यांना तिथे अगदी घरच्यासारखं वाटेल.

बोटीतून जाताना पाण्यातून काळे वाळके बुंधे वर आलेले दिसतात. धरण भरलं तेव्हा बुडालेल्या जंगलाचे ते खुंट, सव्वाशे वर्षांनंतरही उभे. पाणकावळे त्यावर पंख वाळवत बसतात. याच तलावाभोवतीचं जंगल आधी शिकारीसाठी राखलं, १९५० मध्ये अभयारण्य झालं आणि १९७८ मध्ये व्याघ्र प्रकल्प. आज क्षेत्र ९२५ चौरस किलोमीटर.

वाघ दिसेल का? खरं सांगतो, धरून चाला की नाही. ताडोबा पानझडीचं जंगल आहे, उन्हाळ्यात आरपार दिसतं, जीप रस्त्यावर उभी असते. इथे दाट सदाहरित झाडी, दहा फुटांवरचं दिसत नाही. हत्ती, गवे, सांबर, रानडुकरं, नशीब असेल तर पाणमांजरांची टोळी, हे तलावाच्या काठी दिसतं. तलावाकाठी ताडोबासारखी जीप सफारी नाही. कुमिळीच्या रस्त्यावर 'जीप सफारी' म्हणून जी विकतात ती बहुधा बाहेरच्या मळ्यांतून आणि डोंगरातून फिरवते. वाईट नाही, पण काय विकत घेताय ते विचारून घ्या.

बोटीत एक गोष्ट मात्र पाळा. ३० सप्टेंबर २००९ ला याच तलावात पर्यटकांची बोट उलटून ४५ जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट बांधूनच बसा, आणि हत्ती दिसला म्हणून फोन काढून सगळ्यांनी एका बाजूला धावू नका.

माझ्या मते थेक्कडीचं खरं काम आहे पायी चालणं. आणि कोणाबरोबर चालताय ते ऐका. १९९० च्या दशकापर्यंत कुमिळीच्या आसपासची काही माणसं चोरून जंगलात जायची आणि 'वयणा' नावाच्या रानदालचिनीची साल सोलून आणायची. दिवसच्या दिवस आत राहायचे, वन खात्याला चुकवत. सोललेलं झाड मरायचं, पैसे बहुतेक व्यापारी खायचा आणि पोलीस केस यांच्या नावावर. त्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने एक योजना आली आणि वन खात्याने यांच्यातल्या वीसेक जणांशी बोलणी केली. केस मागे घेऊ, तुम्ही चोरी थांबवा, आणि ज्या वाटा तुम्हाला पाठ आहेत त्यावर पर्यटकांना न्या. ते तयार झाले. त्यांनीच जुन्या साथीदारांना आणि इतर चोरांना पकडून द्यायलाही मदत केली. आज थेक्कडीतल्या पायी गस्त, बांबूच्या तराफ्याची दिवसभराची सफर, तंबूत मुक्काम असलेला 'टायगर ट्रेल' अशा कार्यक्रमांमागे या आणि अशाच गावसमित्या आहेत. मन्नान आणि पलियन आदिवासीही वाटाडे म्हणून येतात. २००२ पासून तर 'वसंतसेना' नावाचा गावातल्या बायकांचा गट आहे. त्या आळीपाळीने, मोबदला न घेता, जंगलात गस्त घालतात.

म्हणून तिकीट वन खात्याच्या अधिकृत साइटवर किंवा तिथल्या काउंटरवरच काढा, म्हणजे पैसे या समित्यांपर्यंत पोचतात. जागा थोड्या असतात, सुट्टीत आधी बुक करा.

एक दिवस जास्त असेल तर गवी. जंगलाच्या आत, केरळ वन विकास महामंडळाची वेलचीची बाग आहे. १९६४ च्या भारत-श्रीलंका करारानंतर परत आलेल्या तमिळ कुटुंबांना तिथे कामाला वसवलं गेलं. हत्तीच्या वाटेवर वेलची तोडणारी ही माणसं.

आणि खरेदी. दुकानात 'आठ एमएम' वेलची सगळ्यात महाग असते. तो फक्त बोंडाच्या आकाराचा ग्रेड आहे, वास दाण्यात असतो. एक बोंड फोडायला सांगा. दाणे काळे, चिकट आणि भरगच्च असले तर घ्या. पांढरट, सुकलेले असले तर बोंड कितीही टपोरं आणि हिरवंगार असू दे, राहू द्या. मळ्यातच कोणी वाळवून विकत असेल तर तिथून घ्या आणि फवारणी किती वेळा करता हे बिनधास्त विचारा. बरेच जण सरळ उत्तर देतात.

शेवटी मेसेजमध्ये सारखा येणारा प्रश्न: जळवा. पावसाळ्यात आणि नंतरही असतात. ट्रेकच्या वेळी कापडी जळूमोजे देतात, ते गुडघ्यापर्यंत ओढून घट्ट बांधा. चिकटली तर ओढू नका, नखाने कडेने सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, थांबतं.