छत्री बसवावी आपली आपण

पाना-पक्कड ही वस्तू आपल्या पांढरपेशा घरांत असते, पण माळ्यावर. नळ गळला, दिवा गेला की आपण माणूस बोलावतो आणि तो येईपर्यंत त्याच्या नावाने बोटे मोडतो. माझा पेशा मराठी शिकवण्याचा. त्यामुळे दूरचित्रवाणीची छत्री मी स्वतः बसवली असे सांगितले, तेव्हा आमच्या विज्ञान शाखेच्या मंडळींनी चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिले. वाचकहो, या कामाला पदवी लागत नाही. दिशा कळावी, हात स्थिर असावा आणि उतावीळपणा नसावा, एवढे पुरते.

माझी आत्या वाईला एकटी राहते. तिच्या घरी एका कंपनीची छत्री होती. महिना भरला, पैसे भरायचे राहिले, की पडदा काळा. ते पैसे मोबाइलवरून भरायचे, म्हणजे दर महिन्याला भाच्याला फोन आला. मला त्याचे काहीच नव्हते, पण तिला होते. पुढे पुढे ती फोन करीनाशी झाली. विचारले तर म्हणाली, "दर महिन्याला कशाला रे तुझ्यापुढे हात पसरू? नाही पाहिले टीव्ही, तर काय अडते?" अडत होते ते मला दिसत होते. संध्याकाळचे घर फार शांत झाले होते.

दूरदर्शनची मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. 'डीडी फ्री डिश' हे तिचे आजचे नाव. छत्री, एलएनबी, वायर आणि सेट टॉप बॉक्स एकदाच विकत घ्यायचा. पुढे मासिक वर्गणी नाही. सगळे सामान मला दोन हजारांच्या आत पडले. बॉक्स मात्र एमपेग-४ जातीचा घ्यावा, म्हणजे अधिक वाहिन्या दिसतात. आत्याची सह्याद्री वाहिनी तर त्यात आहेच.

आता आभाळाकडे वळू. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो आणि आपल्याला एकाच जागी थांबलेला भासतो. असे तीन उपग्रह साऱ्या जगाला संदेश पोहोचवतील, हे आर्थर क्लार्क याने १९४५ सालीच लिहून ठेवले होते. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाचे कार्यक्रम पोहोचले, तेव्हाची छत्री तीन मीटर व्यासाची आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची होती. आज साठ सेंटिमीटरची पुरते.

फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे; म्हणजे साधारण निकोबार बेटांच्या दक्षिणेला. वाईहून तो उत्तरेपासून १३१ अंशांवर, क्षितिजापासून ५९ अंश उंच येतो. आपल्या भाषेत आग्नेय दिशा. घरोघरी स्वयंपाकघराची म्हणून ठाऊक असलेली. होकायंत्र पाहताना लोखंडी खांबापासून चार पावले दूर उभे राहावे, नाहीतर सुई खांबाचेच ऐकते.

मधे झाड किंवा इमारत येते का, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. ऑक्टोबरच्या अगदी आरंभी, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळजवळ त्याच जागी असतो. छत्रीच्या नियोजित जागेवर तेव्हा ऊन पडत असेल, तर उपग्रहाचीही वाट मोकळी. त्याच दिवसांत काही मिनिटे चित्र बिघडते, तेही सूर्य उपग्रहाच्या पाठीशी आल्यामुळे.

खांब ओळंबा धरून सरळ उभा करावा. तो कलला तर पुढची सारी मापे चुकतात. कठड्याच्या टोकाला, विजेच्या तारांजवळ किंवा पावसात हे काम करू नये. वायर जोडताना बॉक्सचे बटण बंद असावे. छत्रीकडे पाहून ती समोरच्या घराकडे बघते आहे असे वाटेल, घाबरू नये. तिची एलएनबी मध्यापासून खाली असते, म्हणून ती दिसते त्याहून बरीच वर पाहत असते. उंची कंसावरच्या आकड्यांनी लावावी आणि मग छत्री डावी-उजवीकडे अगदी हळू फिरवावी. कडा एक बोट सरकली तरी तोंड सुमारे तीन अंश वळते आणि उपग्रह निसटतो. दर खेपेस काही क्षण थांबावे, कारण बॉक्सला ओळख पटायला वेळ लागतो. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. 'स्ट्रेंग्थ' उपग्रह नसतानाही चढते. खरी पाहायची ती 'क्वालिटी'. शेवटी एलएनबी जागच्या जागी फिरवून ती आणखी वाढते का पाहावे.

मी गच्चीवर आणि आत्या खाली पडद्यासमोर, कानाला फोन. "शून्य... शून्य... अरे, वीस! थांब! आता पासष्ट!" असा तिचा आवाज कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. नट आवळून झाल्यावर खांबावर आणि कंसावर ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढली. वायर घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर आणली, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून आत येत नाही. मुसळधार सरीत चित्र जाते, पण सर ओसरली की परत येते.

पुढच्या पावसाळ्यात वाऱ्याने छत्री हलली. आत्याने शेजारच्या मुलाला वर पाठवले, रेघेला रेघ जुळवून घेतली आणि आकडा स्वतः वाचला. मला ते पंधरा दिवसांनी, बोलता बोलता कळले. या खेपेला फोन न आल्याचा मला आनंद झाला.

दिवाळीत एक पथ्य पाळावे. गच्चीवर आयताच उभा खांब दिसला की मुलांना आकाशकंदील तिथेच टांगावासा वाटतो. तो दुसरीकडे टांगावा. वाऱ्याने कंदील झुलला की खांब हलतो आणि ऐन पाडव्याला सह्याद्री दिसेनाशी होते.