प्रवाळभित्तीची मोजणी

प्रवाळभित्ती कितपत जिवंत आहे, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेल्या आणि जवळपास ३,००० लहानमोठ्या भित्तींनी बनलेल्या ग्रेट बॅरिअर रीफसंबंधी तो विचारला, की नेमके काय मोजावे आणि कोठे मोजावे हे आधी ठरवावे लागते. उपग्रहाच्या चित्रात भित्तीची आकृती दिसते, पण प्रवाळांच्या जाती, त्यांची कोवळी पिल्ले आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारे मासे यांची नोंद घ्यायची तर माणसाला पाण्यात उतरण्यावाचून गत्यंतर नाही.

टाउन्सव्हिल येथील ‘ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स’ ही संस्था हे काम १९८० च्या दशकापासून सातत्याने करीत आली आहे. या कामाला निकड आली ती ‘काट्यांचा मुकुट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तारामाशामुळे. हा प्राणी आपले जठर तोंडावाटे बाहेर काढून प्रवाळावर पसरतो, जिवंत ऊती जागीच पचवतो आणि मागे पांढरा सांगाडा ठेवून पुढे सरकतो. त्याची संख्या एकाएकी फोफावली, म्हणजे संपूर्ण भित्ती उजाड होऊ शकते. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात त्याचा माग काढण्यासाठी ‘मँटा टो’ ही पद्धत वापरात आली. तीत लहान बोटीमागे १७ मीटर लांबीच्या दोराने एक फळी बांधलेली असते. मुखवटा आणि श्वासनळी लावलेला निरीक्षक ती धरून पृष्ठभागावरून ओढला जातो व खालचा तळ न्याहाळतो. दर दोन मिनिटांनी बोट थांबते आणि तेवढ्या टप्प्यात जिवंत कठीण प्रवाळाने तळाचा किती भाग व्यापला आहे, याचा अंदाज तो जलरोधक कागदावर टिपतो. याच प्रमाणाला ‘प्रवाळ-आच्छादन’ म्हणतात. अशा रीतीने संपूर्ण भित्तीला प्रदक्षिणा घातली जाते. हा अंदाज ढोबळ असतो, हे मान्यच केले पाहिजे. पण थोड्या वेळात मोठा प्रदेश पाहून होतो, हे त्याचे बलस्थान आहे.

बारकाईच्या नोंदीसाठी मात्र हवेची टाकी पाठीवर घेऊन तळाशी जावे लागते. निवडलेल्या प्रत्येक भित्तीवर तीन स्थळे ठरलेली असून प्रत्येक स्थळी ५० मीटर लांबीच्या पाच रेषा, सुमारे सहा ते नऊ मीटर खोलीवर, लोखंडी खुंट्यांनी कायमच्या आखलेल्या आहेत. या खुंट्यांचे महत्त्व थोडके नाही. दर वेळी नवी जागा निवडली, तर दिसणारा फरक काळाचा की जागेचा, हे सांगता येणार नाही. तीच रेषा पुन्हा तपासली, म्हणजे झालेला बदल त्याच जागेचा म्हणून विश्वासाने नोंदवता येतो.

कामाचा क्रमही विचारपूर्वक ठरवलेला आहे. आधी मासे मोजले जातात, कारण माणसांच्या वावराने ते बुजतात. पुढचा पाणबुड्या मासे मोजत सरकतो आणि त्याचा जोडीदार मागून मोजपट्टी अंथरत येतो, जेणेकरून पट्टीच्या हालचालीने मासे आधीच पांगू नयेत. मोठ्या, हिंडत्या माशांसाठी पाच मीटर रुंदीचा पट्टा धरतात. प्रवाळाला बिलगून राहणाऱ्या चिमुकल्या डॅमसेल माशांसाठी तो एकच मीटर रुंद असतो, कारण त्याहून दूरचे डॅमसेल नजरेतून निसटतात. त्यानंतर त्याच रेषेवरून तळाची छायाचित्रे घेतली जातात. पुढे प्रत्येक रेषेच्या ४० छायाचित्रांवर प्रत्येकी पाच ठरावीक बिंदू पाहून त्याखाली प्रवाळ आहे, शैवाल आहे की वाळू, हे तज्ज्ञ ओळखतात. म्हणजे एका रेषेमागे २०० बिंदू तपासले जातात आणि जिवंत प्रवाळावर पडलेल्या बिंदूंच्या प्रमाणावरून आच्छादन काढतात.

या चिकाटीचे मोल २०१२ साली जगाला कळले. १९८५ पासूनच्या २१४ भित्तींच्या नोंदी एकत्र मांडल्या असता, आच्छादन २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर घसरल्याचे निष्पन्न झाले. या हानीत चक्रीवादळांचा वाटा ४८ टक्के, तारामाशाचा ४२ टक्के आणि विरंजनाचा १० टक्के होता. (पाणी तापल्यावर प्रवाळ आपल्या ऊतींमधील सहजीवी शैवाल गमावून पांढरे पडतात, त्याला विरंजन म्हणतात.) त्यानंतर २०१६ पासून व्यापक विरंजन वरचेवर होऊ लागले. तरीही २०२२ साली उत्तर आणि मध्य विभागांत ३६ वर्षांतील सर्वाधिक आच्छादन नोंदले गेले, आणि भित्ती सावरल्याची हाकाटी झाली. येथे आकडा जपून वाचला पाहिजे. ही वाढ प्रामुख्याने ॲक्रोपोरा वंशाच्या प्रवाळांची होती, आणि फांद्यांसारखे किंवा पसरट तबकांसारखे झपाट्याने वाढणारे हेच प्रवाळ वादळात सर्वांत आधी मोडतात, उष्णतेत लवकर मरतात आणि तारामाशालाही अधिक आवडतात. २०२४ च्या विरंजनानंतर, वादळे व तारामासे यांचीही भर पडून, उत्तर विभागाचे आच्छादन एका वर्षात ३९.८ वरून ३० टक्क्यांवर आणि दक्षिण विभागाचे ३८.९ वरून २६.९ टक्क्यांवर आले. या दोन्ही विभागांतील ही आजवरची सर्वांत मोठी वार्षिक घट होय.

म्हणूनच आच्छादनाच्या एका आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. शतकभर सावकाश वाढलेला घुमटाकार प्रवाळ आणि चार-पाच वर्षांत पसरलेला ॲक्रोपोरा हे दोन्ही बिंदूंच्या गणतीत सारखेच भरतात, पण भित्तीच्या भवितव्यात त्यांचे स्थान वेगळे असते. त्यामुळे पाणबुडे रेषेच्या सुरुवातीच्या पाच मीटरांत ३४ सेंटिमीटर रुंदीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर अगदी जवळ वाकून, पाच सेंटिमीटरपर्यंतचे नवे प्रवाळ वंशवार मोजतात; मोठ्या प्रवाळांची जागा कोणत्या वंशाचे प्रवाळ घेऊ लागले आहेत, याचा पहिला पुरावा या मोजणीतून हाती येतो.