धानाची रोवणी आणि तापणारी पृथ्वी

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी तो अस्तित्वात आला. वैनगंगेच्या खोऱ्यातील या प्रदेशात पावसाळ्यात सर्वसाधारणपणे १२०० ते १४०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्याच्यावरच खरिपाच्या धानाची भिस्त असते. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरच्या आसपासही हेच चित्र दिसते. एकीकडे वाढती वस्ती, पक्के रस्ते आणि सिमेंटची घरे, तर दुसरीकडे धुऱ्यांनी आखलेल्या धानाच्या बांध्या.

या बांध्यांचे गणित नाजूक असते. पऱ्हे तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की रोवणीसाठी बांधीत चिखल व्हावा इतके पाणी हवे असते. नेमक्या त्या वेळी पावसाने ओढ दिली, तर पऱ्हे वयाने वाढतात, रोवल्यानंतर त्यांना फुटवे कमी येतात आणि लोंब्याही कमी लागतात. पुढे एकाच रात्री मुसळधार पाऊस झाला, तर पर्जन्यमापकातील आकडा सरासरीला पोचतो. पण हुकलेली रोवणी काही परत येत नाही. म्हणूनच धान उत्पादकाच्या दृष्टीने पाऊस किती पडला याइतकेच तो केव्हा आणि कसा पडला, याला महत्त्व आहे. पृथ्वीच्या तापमानवाढीचा प्रश्न गावाच्या शिवेवर येऊन ठेपतो तो याच ठिकाणी.

हवा आणि हवामान

एखाद्या दिवसाची हवा आणि एखाद्या प्रदेशाचे हवामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवतपात एक दिवस पारा फार चढला म्हणून पृथ्वी तापली असे होत नाही. त्याचप्रमाणे पौषात कडाक्याची थंडी पडली म्हणून तापमानवाढ खोटी ठरत नाही. हवामान म्हणजे निदान तीस वर्षांच्या नोंदींतून दिसणारी सरासरी आणि त्या सरासरीभोवती होणारे चढउतार.

आणखी एक गल्लत टाळावयास हवी. गावातील मोठी झाडे तुटली, अंगणे सिमेंटची झाली, तलाव आटले की त्या गावातील उकाडा वाढतो, हे खरेच आहे. दगड व सिमेंट दिवसा उष्णता साठवितात आणि रात्री ती हळूहळू सोडतात. परंतु ही झाली स्थानिक उष्णता. वस्तीपासून शेकडो मैल दूर असलेल्या महासागरांचे पाणीही तापत आहे आणि ध्रुवप्रदेशातील बर्फही वितळत आहे. तेथे ना सिमेंटचे रस्ते आहेत, ना तोडण्यासारखी झाडे. त्या व्यापक तापमानवाढीचे कारण वातावरणाच्या घडणीतच शोधावे लागते.

पृथ्वीचे पांघरूण

सूर्याचा प्रकाश वातावरणातून येऊन जमीन व समुद्र तापवितो. तापलेली पृथ्वी ही उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने पुन्हा अवकाशात सोडू पाहते. हवेत प्रामुख्याने असलेल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंना या किरणांचा अडसर नसतो. मात्र पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे वायू हे किरण शोषून घेतात व त्यांतील काही उष्णता पुन्हा पृथ्वीकडे परतवितात. हाच हरितगृह परिणाम होय. थंडीच्या रात्री पांघरूण स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, अंगातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही; तसेच हे आहे.

हा परिणाम मुळात उपकारक आहे. तो नसता तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे उणे १८ अंश सेल्सिअस राहिले असते. प्रत्यक्षात ते सुमारे १५ अंश आहे आणि म्हणूनच येथे जीवसृष्टी फुलली. संकट आले आहे ते पांघरूण जाड होत चालल्यामुळे.

हे ज्ञान काही कालपरवाचे नाही. वातावरण उष्णता रोखून धरते, हा विचार फ्रान्समधील जोसेफ फूरिये यांनी १८२४ मध्ये मांडला. कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात अधिक तापते, हे अमेरिकेतील युनिस फूट या विदुषीने १८५६ मध्ये प्रयोगाने दाखविले. उष्णतेचे किरण कोणते वायू शोषतात याचे मोजमाप जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये सुरू केले. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वीडनचे स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले. १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी या वायूची नियमित मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते. २०२४ मध्ये त्याने ४२० चा आकडा मागे टाकलेला होता.

कारण मानवच, हे कशावरून?

पृथ्वी पूर्वीही तापली आणि थंडावली होती, मग आताची वाढ निसर्गाचीच कशावरून नव्हे, अशी शंका अनेकदा घेतली जाते. शंका रास्त आहे आणि शास्त्रज्ञांनी तिचा कसून शोध घेतला आहे.

पहिला पुरावा सूर्याचा. १९७८ पासून उपग्रहांद्वारे सूर्याच्या तेजाचे मोजमाप होत आहे. त्या तेजात अकरा वर्षांच्या चक्राने किंचित चढउतार होतात. परंतु तापमानवाढीचा उलगडा व्हावा अशी वाढ त्यात आढळत नाही. शिवाय सूर्य अधिक तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत आहे आणि त्यावरचा स्थितांबर थंड होत आहे. उष्णता खालीच अडकल्याची ही खूण आहे.

दुसरा पुरावा खुद्द कार्बनचा. कोळसा व खनिज तेल कोट्यवधी वर्षे भूगर्भात राहिल्याने त्यांत किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. हवेतील कार्बनमध्ये त्याचे प्रमाण याच कारणाने घटल्याचे आढळले आहे. हवेतील ऑक्सिजनही अगदी थोडा, पण ज्वलनाशी सुसंगत अशा प्रमाणात कमी होत आहे. हिशेब साधा आहे: १२ किलो कार्बन जळताना ३२ किलो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शाळेच्या फळ्यावर मांडता येईल असे हे गणित आहे.

या सर्व पुराव्यांचा आढावा घेण्यासाठी १९८८ मध्ये आंतरशासकीय हवामान बदल मंडळ स्थापन झाले. मानवी व्यवहारांमुळे वातावरण, समुद्र आणि जमीन तापली आहे याविषयी संदेह उरलेला नाही, असा निष्कर्ष मंडळाने २०२१ च्या अहवालात नोंदविला. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने अधिक होते.

मान्सूनचा बदलता स्वभाव

एक अंश हा आकडा लहान वाटतो. परंतु हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा अधिक जोराने कोसळतो, आणि मधल्या उघडिपीत जमीन अधिक वेगाने सुकते.

या बाबतीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे कार्य महत्त्वाचे आहे. तेथील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेला भारताच्या हवामान बदलाचा अहवाल केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, तर १९५१ ते २०१५ या काळात मान्सूनचा एकूण पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. दुसरीकडे, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. एकूण पाऊस कमी आणि अतिवृष्टी अधिक, हा वरकरणी विरोधाभास वाटतो. धानाच्या बांधीत मात्र त्याचा अर्थ लगेच कळतो: उघडिपीत भेगाळलेली जमीन आणि पावसात फुटलेले धुरे.

तापमानाचा थेट फटकाही धानाला बसतो. फुलोऱ्याच्या वेळी पारा ३५ अंशांच्या वर गेला की परागीकरण बिघडते व लोंबीत पोचट दाणे वाढतात. उन्हाळी धानाला हा धोका विशेष असतो. रात्रीची उष्णताही हानिकारक ठरते. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या १९७९ ते २००३ या काळातील नोंदींवरून, कोरड्या हंगामात रात्रीचे तापमान एक अंशाने वाढले की धानाचे उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी घटते, असे तेथे आढळून आले.

जिल्ह्याच्या दोन भूमिका

गोंदिया जिल्हा तापमानवाढीचे परिणाम भोगतो आणि तिला अल्पसा हातभारही लावतो. तिरोडा येथील कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत केंद्र ३३०० मेगावॅट क्षमतेचे आहे. त्याची वीज राज्याच्या गरजा भागविते, तसेच त्याच्या धुरांड्यांतून कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. धानाच्या बांधीत पाणी सतत उभे राहिले की चिखलातील ऑक्सिजन संपतो आणि तेथील जिवाणू मिथेन निर्माण करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७ ते ३० पट अधिक उष्णता अडवितो. मात्र तो हवेत सुमारे बारा वर्षेच टिकतो.

याचा अर्थ अन्न पिकविणाऱ्या शेतकऱ्यास दोषी ठरवावे असा मुळीच नाही. भारतातील दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीहून कमी आहे आणि आजवर साठलेल्या वायूचा मोठा वाटा औद्योगिक राष्ट्रांचा आहे. २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. कोळसा व तेल यांची जागा अन्य ऊर्जेने घेणे हाच तापमानवाढीवरील मूळ उपाय होय, आणि तो राष्ट्रांच्या पातळीवरच ठरावयाचा आहे.

गावाच्या हाती काय?

गावाच्या हाती बदलत्या पावसाला तोंड देण्याची तयारी आहे, आणि पूर्व विदर्भाजवळ तिचे जुने साधन आहे. कोहळी समाजाच्या जाणकारांनी आणि मालगुजारांनी या भागात हजारो तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे आले. लोक त्यांना आजही मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. जोराचा पाऊस साठवून ठेवणे आणि उघडिपीत तो बांध्यांना पुरविणे, हेच या तलावांचे काम. मान्सूनचा आजचा स्वभाव पाहता याच कामाची गरज वाढली आहे. गाळाने उथळ झालेला किंवा अतिक्रमणाने आकसलेला तलाव मात्र ते करू शकत नाही.

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन, सामाजिक वनीकरण आणि अपारंपरिक ऊर्जा हे विषय पंचायतींच्या कार्यकक्षेत नमूद आहेत. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तलावाचा गाळ, पाळ, सांडवा आणि पाणी येण्याचे नाले यांना रस्त्याइतकेच स्थान मिळावयास हवे. फुलचूरसारख्या शहरालगतच्या गावांत नवी वस्ती आखताना पाण्याची जुनी वाट बुजणार नाही, हे पाहणेही तितकेच अगत्याचे आहे.

जेथे पाण्यावर नियंत्रण आहे, विशेषतः उन्हाळी धानात, तेथे बांधी आळीपाळीने ओली व कोरडी ठेवण्याची पद्धत अवलंबिता येते. तीत पाण्याची बचत होते आणि मिथेनही बरेच कमी होते. मात्र फुलोऱ्याच्या काळात पिकास पाण्याचा ताण पडू देऊ नये.

शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक ठेवून विद्यार्थ्यांनी रोजचा पाऊस नोंदविला, तर काही वर्षांत गावाची स्वतःची नोंदवही तयार होईल. कोणत्या नक्षत्रात किती पाऊस पडला, किती दिवस उघडीप राहिली, हे त्या वहीत दिसेल. कीलिंग यांनी जगाला जागे केले तेही रोजच्या चिकाटीच्या नोंदींनीच. रोवणी केव्हा करावी, कोणते वाण निवडावे, तलावाचे पाणी केव्हा सोडावे, हे ठरविताना अशी वही ग्रामसभेपुढे असणे उपयोगाचे ठरेल.