स्मृती ओसरताना पावलांची साथ

अल्झायमर म्हणजे विसराळूपणा, अशी आपली साधारण समजूत असते. नावे, तारखा, हिशेब विसरले जातात हे खरेच. परंतु कुटुंबाची खरी कसोटी लागते ती पुढच्या टप्प्यात. खुर्चीतून उठणे, न्हाणीघरापर्यंत जाणे, कपडे चढवणे यांसाठी दुसऱ्याचा हात लागू लागला, की रुग्णाचे स्वातंत्र्य संपते आणि सांभाळणाऱ्याची विश्रांतीही. व्यायामाचे महत्त्व आहे ते या ठिकाणी.

चालणे ही केवळ पायांची क्रिया नव्हे. उंबरठा ओळखणे, वळताना तोल सावरणे, गर्दीत वेग कमी करणे यांसाठी अवधान व निर्णयशक्ती लागते आणि या आजारात नेमक्या त्याच शक्ती क्षीण होतात. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले : चालता चालता बोलण्यासाठी ज्या वृद्धांना थांबावे लागते, त्यांना पुढे पडण्याचा धोका अधिक असतो. म्हणून रुग्ण जिना उतरत असताना त्याला प्रश्न विचारू नये.

मग व्यायामाने स्मृती परत येते का? येथे जमाखर्च प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२० वृद्धांच्या अभ्यासात, वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. मात्र ते वृद्ध स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नव्हते. इंग्लंडमधील ४९४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. चार महिन्यांच्या जोरकस व्यायामाने शरीराची क्षमता वाढली. विचारशक्तीची घसरण मात्र मंदावली नाही.

जमेची बाजूही तितकीच खरी आहे. फिनलंडमध्ये आपल्या जोडीदारासह घरी राहणाऱ्या २१० अल्झायमर रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील एका गटाकडून फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा, घरी येऊन, एकेक तास व्यायाम करून घेत. वर्षअखेर घसरण सर्वच गटांत दिसली. परंतु या गटाची दैनंदिन कामे करण्याची क्षमता अधिक सावकाश उतरली, पडण्याचे प्रसंग कमी झाले आणि सेवा-उपचारांचा एकूण खर्च वाढला नाही. डेन्मार्कमधील २०० सौम्य रुग्णांच्या चाचणीत मन व वर्तन यांविषयीच्या तक्रारी व्यायाम करणाऱ्यांत कमी राहिल्या. मुद्दल वाढले नाही, पण ते झिजण्याचा वेग कमी झाला. या आजारात हा लाभ लहान नाही.

आरंभ डॉक्टरांच्या तपासणीनंतर आणि फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने करावा. भक्कम खुर्चीतून उठणे-बसणे, आधार धरून टाचा उचलणे, सपाट जागी चालणे एवढ्यानेही सुरुवात होते. वेळ आणि जागा रोज तीच ठेवावी. कारण नवी माहिती टिकत नसली, तरी वारंवार केलेली हालचाल अंगवळणी पडू शकते. एका वेळी एकच सूचना द्यावी. सांगण्यापेक्षा स्वतः करून दाखवावे. पायांत घट्ट बसणारी पादत्राणे असावीत, वाटेत उजेड असावा, फरशी कोरडी असावी. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली तर तत्काळ थांबून डॉक्टरांना कळवावे. रुग्णाने नकार दिला तर हट्ट न धरता थोड्या वेळाने पुन्हा विचारावे.

व्यापारी घरांत ही जबाबदारी बहुधा पत्नीवर किंवा सुनेवर येते. पुरुषमंडळी औषधांचा आणि मदतनिसाचा खर्च उचलून मोकळी होतात. वास्तविक दुकान उघडण्यापूर्वीची वीस मिनिटे मुलाने किंवा नातवाने वडीलधाऱ्यांबरोबर चालण्यासाठी राखून ठेवणे अशक्य नाही. सोबत चालणारा कोण, हे त्यांना एखाद्या सकाळी आठवणारही नाही. तरीही त्यांचा हात धरावा आणि त्यांच्याच गतीने चालावे.