शेपूट सांगतं विमानाचं नाव

दर १७ सप्टेंबरला हिंगोलीतल्या शाळाशाळांवर झेंडा फडकतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन! १९४८ साली हिंगोली जिल्हा नव्हताच, तो झाला १ मे १९९९ रोजी. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. रझाकारांच्या, सत्याग्रहींच्या गोष्टी तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकल्या असतील. पण त्या दिवसांत आभाळात कोणकोणती विमानं होती, ठाऊक आहे?

समजा, त्या काळातला एक काळा-पांढरा फोटो तुमच्या हाती पडला. विमान दिसतंय, पण खाली नाव नाही. ओळखायचं कसं?

आधी रंग विसरा. अंगावरच्या नंबरावरही फार भिस्त ठेवू नका. आपल्या हवाई दलाकडे ‘परशुराम’ नावाचं एक जुनं डाकोटा विमान आहे. त्याच्यावर व्हीपी ९०५ असा नंबर आहे. १९४७ साली श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या एका डाकोटाचा तो नंबर, पण हे विमान ते नव्हे! हे २०१८ साली हवाई दलात आलं. त्या जुन्या विमानाच्या मानार्थ त्याचा नंबर याला दिला. रंगाचा डबा आणि ब्रश असला की नंबर कुणालाही बदलता येतो. आकार असा सहजासहजी बदलत नाही.

म्हणून नाक बघा. हैदराबादच्या कारवाईत आपल्या हवाई दलाची टेम्पेस्ट ही लढाऊ विमानं होती. त्यांचं नाक तोफेच्या तोंडासारखं जाडजूड आणि गोल. का? आत १८ सिलिंडरांचं इंजिन गोलाकार मांडलेलं. प्रत्येक सिलिंडरला समोरून वारा लागून ते थंड व्हायला हवं, मग नाक रुंद ठेवावंच लागतं. त्याच काळातल्या स्पिटफायरचं इंजिन द्रवाने थंड होई आणि त्याचे सिलिंडर एकामागे एक दोन रांगांत बसत. त्यामुळे त्याचं नाक लांब नि निमुळतं. दोन फोटो शेजारी ठेवा, लगेच फरक कळेल.

डाकोटाची खूण पंखात आहे. पंखाची पुढची कड मागे झुकत जाते, मागची कड मात्र जवळपास सरळ. जमिनीवर उभं असताना त्याचं नाक वर आणि शेपूट खाली, म्हणजे प्रवाशाला आत चढणीवरून चालत जावं लागे.

आता माझं सगळ्यात आवडतं, शेपूट. १९४८ च्या उन्हाळ्यापासून निजामाच्या राज्यात चोरून शस्त्रं येत होती, तीही विमानाने. कराचीहून रात्री निघायचं आणि बिदर, वारंगळकडे उतरायचं. हे उद्योग करणारा होता सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक आणि त्याचं विमान होतं लँकेस्ट्रियन. चार इंजिनं आणि शेपटीच्या दोन्ही टोकांना एकेक उभा पंख, लांबट गोल. मुळात हे लँकेस्टर नावाचं बॉम्बफेकी विमान. बंदुकांचे घुमट काढून टाकले, नाक गुळगुळीत केलं की झालं मालवाहू! शेपूट मात्र तेच राहिलं. विमानाने कात टाकली तरी शेपटीवरून घराणं ओळखू येतं ते असं.

गंमत म्हणजे हाच कॉटन दुसऱ्या महायुद्धाआधी आपल्या विमानात कॅमेरे लपवून जर्मनीचे फोटो काढत असे. ब्रिटिश हवाई दलाच्या छायाचित्रण तुकडीचा पाया त्यानेच घातला. पुढे असे लाखो फोटो भिंगाखाली तपासणाऱ्यांत कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ ही तरुणी होती. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये काढलेल्या एका फोटोत तिला एका उतरणीवर चिमुकलं विमान दिसलं. फोटोत ते मिलिमीटरभरही नव्हतं! तेच जर्मनीचं व्ही-१, वैमानिकाशिवाय उडणारा बॉम्ब.

एवढ्याशा ठिपक्याचं माप कसं काढायचं? हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याच्या भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून फिल्मपर्यंतचं अंतर, ५० सेंटिमीटर आणि विमान १० किलोमीटर उंच असेल, तर जमिनीवरच्या २० मीटर लांबीचं फोटोत होतं १ मिलिमीटर. ठिपका ०.३ मिलिमीटर भरला, तर खरी वस्तू ६ मीटरची.

हा उद्योग तुम्हालाही जमेल, मोठ्यांच्या फोनवर. नकाशात नांदेडचा विमानतळ उपग्रह-चित्रात उघडा. एखादं विमान उभं दिसलं तर अंतर मोजायच्या पट्टीने पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. २७ मीटर आलं तर एटीआर ७२ असण्याचा संभव. ३६ च्या आसपास आलं तर एअरबस ए३२०. पण थांबा, बोइंग ७३७-८०० चे पंखही जवळपास तेवढेच! मग बाजूने काढलेला फोटो शोधा आणि शेपटीच्या बुडाशी बघा. बोइंगच्या शेपटीला पुढच्या बाजूने धडावर उतरणारा एक तिरका पदर असतो, एअरबसचं शेपूट धडातून थेट वर निघतं.