टाकीतला दांडगट मासा
वडनेर भोलजीत (ता. नांदुरा) समुद्री माशांची टाकी ठेवायची, तर पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी चालत नाही. त्यातले क्षार वेगळे. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ मिसळावं लागतं.
अशा टाकीतला डॅमसेल मासा बोटाएवढा. पण दगडातली कपार एकदा बळकावली की नव्या माशाचे पर कुरतडून काढतो. फाटक्या परांचा मासा वरच्या कोपऱ्यात दबून बसलेला दिसला, तर वाट पाहू नका. दांडगटाला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात काही दिवस टाकीतच कोंडा आणि दगडांची मांडणी बदला. मांडणी बदलल्यानं त्याच्या हद्दीच्या खुणा पुसल्या जातात. नवा मासा दिवे मालवूनच सोडावा. तरीही पाठलाग सुरू राहिला, तर दांडगट दुकानदाराला परत द्या. विहिरीत किंवा नदीत मुळीच सोडू नका, गोड्या पाण्यात तो मरतो.