जुळ्या रेणूंची ओळख

एका टाकीत वायू भरलेला आहे अशी कल्पना करा. त्यातून वीजकेंद्राचे इंधन तयार होणार की अणुबाँब, हे टाकीकडे पाहून कळेल काय? नाही. नेहमीच्या रासायनिक परीक्षेनेही कळणार नाही! लेसर किरण मात्र ते सांगू शकतात. कसे, ते पाहू.

निसर्गातील युरेनियमच्या दर हजार अणूंपैकी सुमारे ९९३ अणू युरेनियम-२३८ चे असतात. साखळी प्रक्रियेला उपयोगी पडणारे युरेनियम-२३५ चे अणू अवघे सात. साध्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांसाठी हे प्रमाण बहुधा शेकडा ३ ते ५ पर्यंत वाढवतात. यालाच समृद्धीकरण म्हणतात. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही समृद्ध युरेनियमसाठीच बांधलेल्या आहेत. अण्वस्त्रांसाठी मात्र हे प्रमाण शेकडा ९० च्या आसपास नेतात. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक अशा कारखान्यांची तपासणी करतात.

समृद्धीकरणासाठी युरेनियमचा फ्लोरिनशी संयोग करून युरेनियम हेक्साफ्लोराइड बनवतात. हा घन पदार्थ ५६.५ अंश सेल्सिअसला न वितळताच वायुरूप होतो. फ्लोरिनचा स्थिर समस्थानिक एकच आहे. त्यामुळे या वायूच्या रेणूंच्या वस्तुमानात जो फरक पडतो, तो केवळ युरेनियममुळे. एका रेणूचा रेणुभार ३४९, तर दुसऱ्याचा ३५२.

तुम्ही प्रयोगशाळेत स्प्रिंगला वजन टांगून आंदोलने मोजली असतील. वजन वाढले की आंदोलने मंदावतात. रेणूंचेही तसेच आहे. या रेणूत मध्यभागी युरेनियम व भोवती फ्लोरिनचे सहा अणू असतात. सहाही अणू एकदम आत-बाहेर हलले, तर मधला अणू जागीच राहतो. तेव्हा फरक कळत नाही. पण एका वेगळ्या कंपनात मधला अणूही हलतो. या कंपनाच्या वेळी रेणू सुमारे १६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषतो. २३५ चा हलका रेणू किंचित जलद कंप पावतो. हा फरक हजारात जेमतेम एक भाग!

मग वायू एका नळीत भरून त्यातून योग्य तरंगलांबीचा लेसर किरण सोडतात आणि पलीकडे किती प्रकाश पोचला ते मोजतात. तरंगलांबी थोडीथोडी बदलत गेले की शोषणाचा आलेख मिळतो. अडचण अशी की, दोन्ही रेणूंचे शोषणपट्टे रुंद असून एकमेकांवर पसरलेले असतात. म्हणून हा आलेख, समृद्धीचे प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांच्या आलेखांशी ताडून पाहतात व त्यावरून प्रमाण ठरवतात.

वस्तुमान वर्णपटमापक याहून अचूक असतो. पण त्यासाठी नमुना बहुधा दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि उत्तराची वाट पाहावी लागते. लेसरचे उपकरण कारखान्यातच बसवता आले, तर उत्तर तिथल्या तिथे मिळते. जे पदार्थ शांततेसाठी वापरायचे, ते दुसरीकडे वळत तर नाहीत ना, हे वेळीच कळणे किती महत्त्वाचे आहे, हे तुम्हांला सांगायला नकोच.